सव्वीसशेचे एकतीसशे: डिझेल लोकोंच्या दुसऱ्या आयुष्याची हकिकत

सेनगाव तालुक्यातील साखरा आणि आसपासच्या गावांतून रेल्वे गाठायची असेल, तर सामान्यतः हिंगोलीला यावे लागते. तेथील स्थानकाचे नाव आजही ‘हिंगोली डेक्कन’ असेच आहे. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. तोपर्यंत त्यावर मीटरगेजच्या गाड्या धावत, हैदराबादहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेसही हिंगोलीवरूनच जात असे, आणि वाफेची इंजिने निवृत्त झाल्यावर या गाड्या ओढण्याचे काम वायडीएम-४ या छोट्या डिझेल लोकोंकडे आले होते. रुळांची रुंदी वाढली तेव्हा त्यांच्या जागी ब्रॉडगेजच्या मोठ्या डिझेल लोको आल्या, आणि गेल्या काही वर्षांत मार्गावर विजेच्या ताराही आल्या. या बदलांतील एक गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात आली नसेल. देशभर धावणाऱ्या त्या मोठ्या डिझेल लोकोंपैकी बहुसंख्य लोकोंचा मूळ आराखडा १९६०च्या दशकारंभी अमेरिकेतून आलेला होता आणि बाहेरचा आकारही फारसा बदललेला नव्हता. आतील यंत्रणेचे मात्र क्वचितच एखादे अंग पूर्वीचे राहिले होते. जुन्या डिझेल लोको मोडीत न काढता त्यांच्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा करत राहण्याचा हा उद्योग भारतीय रेल्वेने सुमारे अर्धशतक चालवला, आणि त्यात पुणे व कल्याणची डिझेल शेड आणि मुंबईतील परळ कारखाना यांचाही मोठा वाटा होता.

पुढील विवेचनासाठी शब्दांचा एक भेद आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. बोलीत रुळांवर धावणाऱ्या संपूर्ण यंत्रालाच इंजिन म्हणतात, रेल्वेचे कर्मचारी मात्र त्याला लोको म्हणतात आणि लोकोच्या पोटात डिझेल जाळणाऱ्या यंत्रापुरताच इंजिन हा शब्द राखून ठेवतात. येथेही तोच संकेत पाळला आहे. भारतातील मुख्य मार्गांवरच्या डिझेल लोकोमध्ये इंजिन थेट चाके फिरवत नाही. इंजिन एक मोठे जनित्र फिरवते, जनित्रातून निघालेली वीज चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटारींना मिळते आणि त्या मोटारी चाके फिरवतात. या मोटारींना ट्रॅक्शन मोटर म्हणतात, आणि ब्रॉडगेजच्या मोठ्या लोकोत सहा आसांवर अशा सहा मोटारी असतात. थोडक्यात, डिझेल लोको म्हणजे रुळांवर धावणारे एक वीजनिर्मिती केंद्रच होय. त्यामुळे तिची सुधारणा करायची तर इंधनाच्या पंपापासून चाक आणि रूळ यांच्या संपर्कापर्यंतची सारी साखळी विचारात घ्यावी लागते, कारण एक कडी बळकट केली की ताण पुढच्या कडीवर जातो. भारतीय डिझेल लोकोंच्या सुधारणेचा इतिहास बहुतांशी या सरकत्या ताणाचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील आरंभीच्या डिझेल लोकोंमध्ये नेरळ–माथेरान या डोंगरी मार्गावर १९५०च्या दशकात आलेल्या जर्मनीच्या युंग कंपनीच्या चिमुकल्या लोकोंचा समावेश होतो. ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गांवर त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अल्को, म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, हिने बनवलेल्या शंभर डब्ल्यूडीएम-१ लोको दाखल झाल्या. यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर ब्रॉडगेजचे, ‘डी’ हे डिझेलचे आणि ‘एम’ हे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांचे निदर्शक आहे, तर मीटरगेजसाठी पहिले अक्षर ‘वाय’ असते. खरा निर्णायक टप्पा १९६२च्या सुमारास आला. २,६०० अश्वशक्तीच्या लोकोंसाठी अल्को आणि जनरल मोटर्स या दोन अमेरिकी कंपन्यांचे नमुने भारतात आले. अल्कोच्या नमुन्याला डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सच्या नमुन्याला डब्ल्यूडीएम-४ अशी नावे मिळाली. जनरल मोटर्सच्या ७२ लोको उत्तम चालल्या आणि काही जाणकारांच्या मते त्या अधिक सरस होत्या. तथापि तंत्रज्ञान हस्तांतरित करण्याची तयारी अल्कोने दाखवली, आणि तोच मुद्दा निर्णायक ठरला. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सने जानेवारी १९६४ मध्ये आपली पहिली लोको बाहेर काढली, आणि पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकट्या डब्ल्यूडीएम-२ची संख्या अडीच हजारांच्या पलीकडे गेली. हिंगोलीच्या मार्गावरची वायडीएम-४ हीदेखील त्याच कुटुंबातील. तिच्यात त्याच घराण्याचे पण सहाच सिलिंडरांचे इंजिन होते, तर डब्ल्यूडीएम-२ मध्ये सोळा सिलिंडर होते, आणि त्यामुळे सिलिंडरच्या अंतर्भागातील अनेक गोष्टींचे ज्ञान दोन्ही गेजच्या शेडना समान उपयोगी पडत असे.

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील अल्कोचा कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. या घटनेकडे सहसा दुर्लक्ष होते, पण पुढील सर्व घडामोडींचे मूळ तिच्यातच आहे. आराखड्याची जननी नाहीशी झाली आणि नकाशे मात्र वाराणसीत उरले. सुधारित नमुना पाठवून देईल असा मूळ उत्पादक राहिला नाही, आणि शेकडो लोको तर रोज धावत होत्या. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांची परिस्थिती वेगळी होती. जनरल मोटर्सचे नवनवे नमुने त्यांना बाजारात उपलब्ध होते आणि तरीही जुनी लोको नव्याने घडवणे स्वस्त पडते हे त्यांनी ओळखले होते. सांता फे रेल्वेने टेक्सासमधील क्लिबर्न येथील आपल्या कारखान्यात १९७०च्या दशकात २३३ जुन्या एफ-७ लोकोंचे रुंद, बंदिस्त कवच काढून टाकले आणि त्यांना दोन्ही बाजूंनी नजर पोहोचेल असे अरुंद अंग देऊन मालवाहतुकीस जुंपले. जुन्या ५६७ मालिकेच्या इंजिनात नव्या ६४५ मालिकेचे पिस्टन आणि सिलिंडर बसवण्याची पद्धतही तेथे रूढ झाली होती. भारतात मात्र हा पर्याय हिशेबापेक्षा गरजेतून आला, कारण ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनेच १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती आणि एखादी सुस्थितीतील डिझेल लोको केवळ जुनी झाली म्हणून काढून टाकणे कोणत्याही विभागाला परवडण्यासारखे नव्हते.

पहिली मोठी सुधारणा इंजिनात नव्हे, तर ब्रेकमध्ये झाली. आरंभीच्या डब्ल्यूडीएम-२ गाडीला व्हॅक्यूम ब्रेक लावीत. या पद्धतीत डब्यांखालच्या नळीतून हवा ओढून निर्वात निर्माण केला जातो आणि ब्रेक लावायचा असेल तेव्हा नळीत बाहेरची हवा शिरू दिली जाते. ब्रेक दाबणारे बल हे अखेर वातावरणाच्या दाबापुरतेच मर्यादित राहते, आणि लांब मालगाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत परिणाम पोहोचायला वेळही लागतो. एअर ब्रेकमध्ये नळीत सुमारे पाच किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर इतक्या दाबाची हवा भरलेली असते, त्यामुळे ब्रेक अधिक जोरात आणि अधिक लवकर लागतो. भारतीय रेल्वेचे डबे आणि वाघिणी हळूहळू एअर ब्रेकवर गेले, पण ते सारे एका दिवसात बदलणे शक्य नव्हते. म्हणून लोकोलाच दोन्ही भाषा शिकवाव्या लागल्या. जुन्या लोकोंत व्हॅक्यूमच्या जोडीला एअर ब्रेकची यंत्रणा बसवून त्यांना डब्ल्यूडीएम-२ए म्हटले जाऊ लागले, तर मुळातच एअर ब्रेक घेऊन आलेल्या लोकोंना डब्ल्यूडीएम-२बी. लोकोतील एक्सप्रेसर नावाचे यंत्र, जे एका बाजूने हवा दाबण्याचे आणि दुसऱ्या बाजूने निर्वात करण्याचे काम करी, त्यातील निर्वाताचा भाग काळाच्या ओघात निरुपयोगी ठरला आणि तेथे नुसता कॉम्प्रेसर आला. या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, मात्र लांब आणि जड मालगाड्या वेगाने चालवणे त्यामुळेच शक्य झाले, हे लक्षात घेतले तर नंतरच्या अश्वशक्तीच्या वाढीइतकेच त्याचे महत्त्व ठरते.

१९७३ आणि १९७९ मधील तेलाच्या भाववाढीनंतर इंधनाचा प्रश्न ऐरणीवर आला. लखनौ येथील संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेत, म्हणजे आरडीएसओमध्ये, १९८०च्या दशकात इंजिनांच्या चाचणीची स्वतंत्र सोय उभी राहिली, आणि अल्कोच्या २५१ मालिकेच्या इंजिनाला चाचणीच्या ओट्यावर चढवून त्याच्या प्रत्येक अंगाचा नव्याने अभ्यास सुरू झाला. या अभ्यासातून जे बाहेर आले त्याला शेडमध्ये ‘फ्युएल एफिशियंट किट’ म्हणत. नावावरून एखादी पेटी डोळ्यांसमोर येते; प्रत्यक्षात तो परस्परांवर अवलंबून असलेल्या बदलांचा संच होता.

त्यातील पहिला बदल इंधनाच्या पंपाचा. प्रत्येक सिलिंडरला एक पंप असतो आणि त्यातील दांडीसारखा दट्ट्या डिझेल उच्च दाबाने सिलिंडरमध्ये फवारतो. मूळ दट्ट्याचा व्यास १५ मिलिमीटर होता, तो १७ मिलिमीटर करण्यात आला. फरक दोन मिलिमीटरचाच, पण व्यास वाढला की दट्ट्याच्या तेवढ्याच हालचालीत अधिक डिझेल ढकलले जाते. परिणामी तेवढेच डिझेल कमी वेळात आणि अधिक दाबाने आत जाते, त्याचे थेंब बारीक होतात आणि पिस्टन वर असतानाच बहुतेक ज्वलन आटोपते. पिस्टन खाली सरकू लागल्यावर जळणाऱ्या डिझेलची बरीच उष्णता धुराबरोबर वाया जाते, आणि ती वाचवणे हाच येथील हेतू होता. ज्वलन लवकर आणि जोमाने होऊ लागले म्हणजे सिलिंडरमधील कमाल दाब वाढतो. जुने ॲल्युमिनियमचे पिस्टन तो दाब आणि ती उष्णता दीर्घकाळ सोसू शकत नव्हते, विशेषतः पिस्टनभोवतीच्या कड्या ज्या खाचांत बसतात त्या खाचा झिजत. म्हणून पिस्टनचे खालचे अंग ॲल्युमिनियमचेच ठेवून त्याला वर पोलादी टोपी बसवण्यात आली.

अधिक डिझेल चांगले जाळायचे तर अधिक हवाही लागते. ती पुरवण्याचे काम टर्बोचार्जर करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांकडे ढकलते. मूळचा अल्कोचा टर्बोचार्जर या नव्या अपेक्षेला पुरा पडेना, म्हणून नेपियर, एबीबी आणि जनरल इलेक्ट्रिक यांचे अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर बसवले गेले. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती पाण्याने थंड करणारा आफ्टरकूलर मोठा करावा लागला आणि त्याच्या पाण्याच्या नळ्यांची मांडणीही बदलावी लागली. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट अधिक दणकट झाला. त्याच्या नव्या आकारामुळे धूर बाहेर सोडणारी आणि हवा आत घेणारी अशा दोन्ही झडपा एकाच वेळी पूर्वीपेक्षा अधिक काळ उघड्या राहू लागल्या, आणि त्या वेळात ताजी हवा सिलिंडर धुऊन काढून त्याला थंडही करू लागली. यांपैकी एखादाच बदल केला असता तर फायदा किरकोळ झाला असता, किंबहुना नुकसानही झाले असते. मोठा पंप आणि जुना पिस्टन ही जोडी फार काळ टिकली नसती. सोळा सिलिंडरांचे तेच इंजिन २,६०० ऐवजी ३,१०० आणि पुढे ३,३०० अश्वशक्ती देऊ लागले आणि शिवाय तेवढ्याच कामाला डिझेलही कमी लागू लागले, हे या संचाचे खरे यश.

असे बदल कागदावर मान्य झाले तरी ते पचवण्याचे काम शेडचे होते. डिझेल शेड म्हणजे केवळ लोको उभ्या करण्याची जागा नव्हे. प्रत्येक लोकोला एक ‘घरची’ शेड असते आणि ठरलेल्या मुदतीने तिला तेथे तपासणीसाठी परतावे लागते. शेडमधील प्रयोगशाळेत वंगण तेलाचे नमुने येतात, आणि स्पेक्ट्रोग्राफ नावाच्या उपकरणावर त्या तेलात तांबे, लोखंड, शिसे, ॲल्युमिनियम यांचे अंश दशलक्ष भागांत किती भाग आहेत हे मोजले जाते. तांब्याचे किंवा शिशाचे प्रमाण एकाएकी वाढले तर कुठलेसे बेअरिंग झिजू लागले असे समजतात, तेलात पाणी किंवा डिझेल आढळले तर गळती कोठे हे शोधले जाते, आणि इंजिन न उघडता त्याच्या पोटातील दुखणे बऱ्याच अंशी कळते. याच नोंदींमुळे नव्या पिस्टनचे किंवा नव्या तेलाचे खरे गुण हजारो किलोमीटरच्या कामानंतर ताडून पाहता आले. वंगण तेलही मधल्या काळात बदलले. तापमान कमी-जास्त झाले तरी ज्याचा दाटपणा फारसा बदलत नाही असे मल्टिग्रेड तेल आले आणि तेल बदलण्याच्या दोन वेळांमधील अंतर वाढवता आले. दुरुस्ती झाली की लोकोची परीक्षा ‘लोड बॉक्स’वर घेतात. जनित्राच्या तारा मोटारींऐवजी एका मोठ्या विद्युत रोधाला जोडतात, पूर्वी त्यासाठी मिठाच्या पाण्याच्या टाकीत लोखंडी पत्रे बुडवले जात. लोको जागीच उभी असते, इंजिन मात्र आठव्या खाचेवर, म्हणजे पूर्ण जोरावर, गर्जत असते, आणि निर्माण होणारी सारी वीज नुसती उष्णता निर्माण करण्यात खर्ची पडते. अश्वशक्ती खरोखर किती मिळते, धूर काळा येतो की नाही, टर्बोचार्जर ठरल्याप्रमाणे दाब देतो की नाही, याचा निकाल येथे लागतो.

इंजिनाची ताकद वाढल्यावर ताण सरकला तो जनित्राकडे. डब्ल्यूडीएम-२ मधील मुख्य जनित्र एकदिश विजेचे, म्हणजे डीसी होते. अशा जनित्रात फिरणाऱ्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांवरून कार्बनचे ब्रश वीज उचलतात. हे ब्रश झिजतात, पट्ट्यांवर धूळ व काजळी साचते आणि भार एकदम वाढला की ठिणग्यांचा भडका उडून जनित्र निकामी होऊ शकते. सिलिकॉनचे रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या एसी विजेला एका दिशेला वळवणारे घन-पदार्थी उपकरण, विश्वासार्ह झाल्यावर जुन्या जनित्राऐवजी अल्टरनेटर बसवणे शक्य झाले. अल्टरनेटर आकाराने आटोपशीर, देखभालीला सोपा आणि अधिक शक्ती पेलणारा असतो; त्यातून निघालेली एसी वीज रेक्टिफायरमधून डीसी होऊन जुन्याच पद्धतीच्या मोटारींना मिळते. मोटारींच्या वेटोळ्यांवरील आवरण अधिक उष्णता सोसणारे करण्यात आले. मोटर ज्या बेअरिंगांच्या आधारे आसावर टेकलेली असते, ती पूर्वी साधी, पांढऱ्या धातूची आणि वातीने तेल घेणारी होती. वात कोरडी पडली की बेअरिंग तापून धातू वितळे आणि लोको मार्गातच अडकून पडे. रोलर बेअरिंग आल्यावर ही तक्रार बऱ्याच अंशी संपली. प्रवाशाला गाडी ‘इंजिन फेल’ म्हणून खोळंबल्याचे कळे. त्यामागे अनेकदा इंजिन नव्हे तर असा एखादा साधा सुटा भाग असे.

हे सर्व बदल एकत्रितपणे करण्याची संधी लोकोच्या मध्यवयात येते. डिझेल लोकोचे आयुष्य ३६ वर्षांचे धरले जाई आणि त्याच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण १८ वर्षांनी, तिची पुनर्बांधणी केली जाई. त्याआधी काही वर्षांच्या अंतराने होणारी मोठी दुरुस्ती मध्य रेल्वेच्या परळ येथील जीआयपी रेल्वेच्या काळातल्या कारखान्यासारख्या ठिकाणी होत असे. पुनर्बांधणीसाठी मात्र पंजाबातील पतियाळा येथे १९८१ मध्ये एक खास कारखाना स्थापन झाला. आरंभी त्याचे नाव डिझेल कंपोनंट वर्क्स असे होते आणि २००३ मध्ये ते बदलून डिझेल लोको मॉडर्नायझेशन वर्क्स असे झाले. तेथे आलेली लोको अक्षरशः उघडी केली जाई. केबिन, इंजिन, जनित्र, नळ्या, तारा, चाके हे सर्व उतरवून खाली फक्त पोलादी सांगाडा उरे. इंजिनाच्या पोलादी ब्लॉकला गेलेले तडे सांधून त्याचे पुन्हा यंत्रकाम केले जाई, जुन्या तारा संपूर्णपणे टाकून देऊन नव्या ओढल्या जात, आणि वर वर्णन केलेल्या सुधारणांसह लोको ३,१०० अश्वशक्तीची होऊन बाहेर पडे. या व्यवहारामागील हिशेब सरळ आहे. सांगाडा, बोगी म्हणजे चाकांची चौकट, आणि इंजिनाचा ब्लॉक हे लोकोचे सर्वांत महाग आणि सर्वांत कमी झिजणारे भाग आहेत; ते तसेच ठेवून बाकीचे बदलले की नव्या लोकोपेक्षा बऱ्याच कमी खर्चात उरलेली अठरा वर्षे नव्या ताकदीने काढता येतात. वाराणसीने १९९४ पासून मुळातच ३,१०० अश्वशक्तीच्या लोको बांधायला सुरुवात केली. त्या आधी डब्ल्यूडीएम-२सी आणि नंतर डब्ल्यूडीएम-३ए या नावाने ओळखल्या गेल्या. नव्या नामकरणात ‘३’ म्हणजे तीन हजार आणि ‘ए’ म्हणजे वर शंभर, अशी सोय होती. त्यामुळे नवी बांधलेली आणि पतियाळाहून नवी होऊन आलेली लोको एकाच नावाखाली शेजारी शेजारी धावू लागली.

पाचशे अश्वशक्ती वाढली म्हणून लोको तेवढ्या प्रमाणात अधिक वजन हलवू लागली, असा समज होण्याची शक्यता आहे; तो बरोबर नाही. उभी गाडी हलवताना मर्यादा असते ती चाक आणि रूळ यांच्या पकडीची, आणि ती पकड लोकोच्या वजनावर अवलंबून असते. डब्ल्यूडीएम-२चे वजन सुमारे ११३ टन होते, ते सुधारणेनंतरही जवळपास तितकेच राहिले. त्यामुळे आरंभीची ओढ दोन्ही रूपांत सुमारे ३० टनांचीच होती, त्याहून जास्त जोर लावला तर चाके जागच्या जागी घसरतात. वाढलेल्या अश्वशक्तीचा उपयोग गाडीने ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वेग गाठल्यावर सुरू होतो. तेवढेच वजन घेऊन चढ अधिक वेगाने चढता येतो, थांबा घेतल्यावर वेग लवकर पकडता येतो आणि वेळापत्रकातील मिनिटे वाचतात. जड मालगाड्यांसाठी मात्र पकडच वाढवणे भाग होते. त्यासाठी डब्ल्यूडीजी-३ए या मालवाहू लोकोत वेगळ्या रचनेच्या ‘हाय ॲडहेजन’ बोग्या आल्या, ज्यांत जोर लावताना पुढच्या आसावरचे वजन कमी होऊन मागच्यावर जाण्याचे प्रमाण घटते. दुसरा उपाय मायक्रोप्रोसेसरचा होता. पूर्वी चाक घसरले की रिले नावाचा विद्युत खटका पडे, शक्ती एकदम कमी होई, आणि ड्रायव्हरला पुन्हा सावकाश जोर वाढवावा लागे. संगणकीय नियंत्रण आल्यावर घसरण सुरू होताच शक्ती हलकेच उतरवून लगेच पूर्ववत करणे शक्य झाले. इंजिनाच्या वेगावर आणि डिझेलच्या मात्रेवर लक्ष ठेवणारा गव्हर्नरही याच वाटेने इलेक्ट्रॉनिक झाला, आणि बिघाडांची नोंद यंत्र स्वतःच ठेवू लागल्याने शेडमधील निदानाचे काम सोपे झाले.

या साऱ्या सुधारणांत एक अंग मात्र सर्वांत शेवटी पुढे सरकले, आणि ते म्हणजे ज्या केबिनमध्ये माणूस बसतो तेच. डब्ल्यूडीएम-२ला एकाच टोकाजवळ केबिन असे. लांब टोक पुढे करून गाडी चालवताना ड्रायव्हरला इंजिनाच्या लांबलचक खोक्याच्या कडेने एका बाजूचेच दिसे, सिग्नल दुसऱ्या बाजूला असेल तर सहायकाच्या नजरेवर विसंबावे लागे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढचे खोके रुंद आणि खिडक्या मोठ्या करून काही लोको बांधल्या गेल्या, त्यांना ‘जम्बो’ म्हणत. तो प्रयोग फार पुढे गेला नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनाला पाठ लावून तासन्तास बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वातानुकूलन आणि स्वच्छतागृह या गोष्टी दशकानुदशके मिळाल्या नाहीत. इंधनाचा एकेक टक्का वाचवण्यासाठी जी चिकाटी दाखवली गेली तिचा थोडा अंश इकडे वळला असता, तर या इतिहासाचे हे पान इतके कोरे राहिले नसते.

इंधनाच्या बाबतीत ही चिकाटी शेवटपर्यंत टिकली. डिझेल लोको सिग्नलला किंवा यार्डात उभी असली तरी तिचे इंजिन सहसा बंद करत नसत, कारण ब्रेकसाठी हवेचा दाब टिकवायचा असतो आणि बॅटरी उतरली तर पुन्हा सुरू करण्याची पंचाईत होते. असे नुसते घुरघुरत राहिलेले मोठे इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल खाते. त्यावर उपाय म्हणून लोकोतच एक छोटे सहायक इंजिन बसवण्यात आले, जे मोठे इंजिन बंद ठेवून तीनेक लिटरमध्ये हवा आणि बॅटरी सांभाळते. कॉमन रेल पद्धतीचे, म्हणजे एका सामाईक नळीत सतत उच्च दाबाने साठवलेले डिझेल संगणकाच्या आज्ञेने फवारण्याचे तंत्रही आरडीएसओने याच जुन्या अल्को इंजिनावर बसवून दाखवले.

तथापि या आराखड्याची कमाल मर्यादा दिसू लागली होती. १९९९ पासून जनरल मोटर्सच्याच घराण्यातील, एसी मोटारींच्या डब्ल्यूडीजी-४ लोको भारतात आल्या. १९६२ मध्ये मागे पडलेली कंपनी सदतीस वर्षांनी, या वेळी तंत्रज्ञान देण्याच्या तयारीने, परतली. त्यापाठोपाठ विद्युतीकरणाची मोहीम इतकी वेगाने पसरली की अठरा वर्षांनी पुनर्बांधणी करण्याचा हिशेबच कोलमडला, कारण पुढच्या अठरा वर्षांसाठी डिझेलचे मार्गच उरणार नव्हते. पतियाळा आणि वाराणसी हे दोन्ही कारखाने विजेच्या लोकोंकडे वळले. जुन्या लोकोला नवे आयुष्य देण्याच्या विचारसरणीचे टोक वाराणसीने २०१८ मध्ये गाठले. दोन डब्ल्यूडीजी-३ए लोकोंमधील इंजिन, जनित्र आणि डिझेलची टाकी काढून टाकून, त्याच सांगाड्यांवर ट्रान्सफॉर्मर आणि विजेची यंत्रणा चढवून, मिळून १०,००० अश्वशक्तीची जोड-लोको ६९ दिवसांत तयार केली गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिला हिरवा झेंडा दाखवण्यात आला.

ज्यांना असे रूपांतर लाभले नाही त्यांच्यापैकी काहींना परदेशात काम मिळाले. गेजबदलामुळे रिकाम्या झालेल्या वायडीएम-४ लोको मलेशिया आणि म्यानमार या मीटरगेजच्या देशांत गेल्या. ब्रॉडगेजच्या ३,३०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-३डी लोकोंपैकी दहा लोको, बांगलादेश रेल्वेच्या गरजेप्रमाणे बदल करून, २७ जुलै २०२० रोजी गेदे–दर्शना सीमेवरून त्या देशाच्या स्वाधीन करण्यात आल्या, आणि २०२३ मध्ये आणखी वीस लोको त्यांच्या मागोमाग गेल्या.